ताईच्या डोक्याला नक्की काय झालंय

माझी ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. आहे म्हणावं की होती म्हणावं, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. हजेरीच्या यादीत तिचं नाव अजून कटिंग खात्यातच आहे, पण कटिंगच्या मशीनला तिचा हात लागून दीड वर्ष होऊन गेलं. कुणी विचारलं की ती मात्र ठसक्यात "कटिंग मास्तर" असंच सांगते.

कारखाना म्हणजे एका जुन्या गोदामाचा पहिला मजला. खिडक्या उंचावर, खाली बारा मीटर लांबीचं टेबल. त्यावर कापडाचे साठ साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे पॅटर्न मांडून खडूनं आखायचं आणि मग उभ्या पात्याचं मशीन हातानं ढकलत सगळे थर एका दमात कापायचे. नर्सेसचे कोट, बेकरीवाल्यांचे एप्रन, पहारेकऱ्यांचे शर्ट. इथं चूक झाली तर एक शर्ट वाया जात नाही, साठ जातात. म्हणून कटिंग मास्तर शांत डोक्याचा लागतो. ताईचं डोकं एरवी कधीच शांत नव्हतं, राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. पण टेबलाशी उभी राहिली की ती वेगळीच बाई व्हायची. वीस वर्षांत तिनं कापलेला तुकडा कधी परत आला नव्हता.

त्याआधी ती फुटबॉल खेळायची. चौदाव्या वर्षापासून थेट एकतिसाव्यापर्यंत. तिची जागा स्टॉपरची, म्हणजे आपल्या गोलच्या पुढ्यात भिंतीसारखं उभं राहायचं आणि येईल तो चेंडू बाहेर घालवायचा. पायानं सगळ्याच घालवतात. ताई डोक्यानं घालवायची. उंच चेंडू आला की बाकीच्या मान आत ओढून घ्यायच्या, आणि ही दोन पावलं धावून उडी मारायची, कपाळानं असा दणका द्यायची की चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे. टीममध्ये तिचं नावच पडलं, हातोडी. मी तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी आणि मैदानातही तिच्या मागेच, गोलकीपर. मला हात वापरायची मुभा होती म्हणून माझं डोकं शाबूत राहिलं. शाबूत आहे असं मी धरून चालते.

आमच्या घरामागे पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये दहा-बारा पावलांची मोकळी जागा होती. रोज सकाळी शाळेआधी मी हातानं चेंडू वर फेकायचा आणि ताईनं तो डोक्यानं भिंतीवर हाणायचा.

"फेक. उंच. अजून उंच. जेवली नाहीस का काल? जोरात फेक की!"

मी फेकायची. दवात भिजलेला चेंडू विटेसारखा जड व्हायचा. शंभर झाले की थांबायचं. मोजायचं काम माझं. कधीकधी मी मुद्दाम साठ-सत्तरला आकडा विसरल्याचं नाटक करायची, कारण मला मजा वाटायची, आणि मग पुन्हा एकपासून. शाळेत पहिल्याच तासाला ताईचं डोकं दुखायला लागायचं. आई म्हणायची, "हिचं डोकं बरोबर पुस्तक उघडलं की दुखतं."

एक टक्कर मात्र मोठी होती. एका अंतिम सामन्यात ताई आणि समोरची फॉरवर्ड एकाच चेंडूसाठी एकदम उडाल्या. टाळक्यावर टाळकं आपटल्याचा आवाज मी गोलमध्ये उभी राहून ऐकला, वाऱ्यानं दार आपटावं तसा. ताई पडली ती हलेचना. मग उठली, आणि सरळ चालत जाऊन समोरच्या टीमच्या बचावफळीत उभी राहिली. लोक खो खो हसले. आम्हीही हसलो. आमच्या सरांनी तिला दंडाला धरून आणलं, तोंडावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवून "किती?" विचारलं. ती म्हणाली, "दोन." खेळ पुढे सुरू. वीस मिनिटांनी तिनं डोक्यानंच गोल मारला आणि आम्ही जिंकलो. तो गोल तिला कधीच आठवला नाही. पुढची पंचवीस वर्षं घरी कुणी पाहुणे आले की मी हा किस्सा रंगवून सांगायची. सगळ्यात जास्त ताईच हसायची.

आता बाह्यांचं सांगते. तीन वर्षांपूर्वी, ताई एक्कावन्न वर्षांची असताना, पहारेकऱ्यांच्या शर्टांचं मोठं काम आलं. ताईनं बाह्या कापल्या, गठ्ठे शिलाईकडे गेले, आणि अर्ध्या तासात तिथली एक बाई दोन हातांत दोन बाह्या घेऊन आली.

"मास्तर, या दोन्ही डाव्या आहेत."

दुसरा गठ्ठा सोडला, तिसरा सोडला. सगळ्या डाव्या. एकशेवीस डाव्या बाह्या. उजव्या बाहीचा पॅटर्न भिंतीवरच्या खिळ्याला तसाच लटकत होता.

तिथला सुपरवायझर ताईच्याच हाताखाली शिकून वर गेलेला. त्यानं आवाज चढवला नाही, कापड पुन्हा मागवतो म्हणाला. बायकांनी थट्टा केली, "एकहाती पहारेकरी ठेवायचे असतील हो त्यांना!" ताई हसली. घरी आल्यावर मात्र पायातले बूट न काढता पलंगावर बसून राहिली आणि भाऊजींना म्हणाली, "आखताना मी दोनदा बघितलं होतं. दोन्ही वेळा बरोबर होतं. मग चुकलं कधी?"

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या कामात प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत हलायचं नसतं. त्यांनी कारणं शोधली. कारखान्यात नवे दिवे बसवलेत, त्यांचा उजेड डोळ्यांवर येतो. पाळी जातानाचं वय आहे. झोप पुरत नाही. मी भर घातली, कामाचा ताण आहे. प्रत्येक कारण ऐकताना अगदी पटायचं, आणि महिनाभरानं पुरं पडेनासं व्हायचं.

कारण वाक्य अर्ध्यावर टाकून ताई दुसऱ्या खोलीत निघून जायची. कात्रीला "ते कापायचं" म्हणायची. कात्रीला! जिच्यावर तिचं पोट चाललं तिला! दोनदा तर घरी येताना एक गल्ली अलीकडेच वळली आणि भलत्याच घराच्या कुलपात चावी फिरवत बसली. आणि राग. भाजीत मीठ कमी आहे एवढं भाऊजी बोलले, तर ताट भिंतीवर. पण ताई तर लहानपणापासूनच तापट. तिनं माझ्यावर दप्तर भिरकावलेलं आहे, हरल्यावर खोलीच्या दाराची काच फोडलेली आहे. मग हे ताट कशात धरायचं? जुन्या ताईत की नव्या बिघाडात? भाऊजी आणि मी यावर फोनवर तासन्‌तास बोलायचो आणि फोन ठेवताना दोघंही आधीपेक्षा जास्त गोंधळलेले असायचो.

पहिल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड कमी निघालं. आमचा जीव भांड्यात पडला. साधी गोळी, रोज सकाळी एक. दोन-तीन महिन्यांत ताईचा चेहरा तरतरीत झाला, गल्ल्या बरोबर सापडायला लागल्या. भाऊजी मला म्हणाले, "बघ, फ्यूज उडाला होता, बदलला." मीही ओळखीत सगळ्यांना सांगून मोकळी झाले.

मग एका दुपारी सुपरवायझरनं ताईचं मशीन बंद केलं. कापताना जो हात कापड दाबून धरतो त्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा घालायचा असतो, म्हणजे पातं निसटलं तरी बोटं वाचतात. ताईनं मोजा मशीन ढकलणाऱ्या हातात घातला होता, आणि उघडी बोटं पात्यापासून दोन इंचांवर होती. त्यानं ओरडून थांबवलं तेव्हा ती मोज्याकडे बघत राहिली. "हा असाच घालतात," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "नाही का?"

त्याच आठवड्यात आम्ही तिघं मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलताना पेनाचं टोपण काढायची-लावायची सवय. त्यांनी ताईकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, पाच शब्द पाठ करायला दिले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग विचारलं, "डोक्याला कधी मार बसलाय?"

"नाही," भाऊजी आणि मी एकदमच म्हणालो. अपघात नाही, जिन्यावरून पडणं नाही.

ताई म्हणाली, "रोज."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. हळूहळू सगळं निघालं, स्टॉपर, हेडर, टाकीमागची जागा. मी तो टकरीचा किस्सा सांगायला लागले, आणि सवयीनं तसाच सांगितला, हातवारे करत. "विरुद्ध टीममध्ये जाऊन उभी राहिली" या वाक्याला मी थांबले, ऐकणाऱ्याला हसायला जागा ठेवून. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या.

"त्यानंतर किती दिवस विश्रांती घेतली होती?"

"वीस मिनिटांनी गोल मारला," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला.

मग डॉक्टरांनी समजावलं. डोक्याला वर्षानुवर्षं धक्के बसलेल्या खेळाडूंमध्ये पुढे मेंदू झिजण्याचे आजार इतरांपेक्षा जास्त दिसतात. सगळ्यांना होतात असं मुळीच नाही. बेशुद्ध पाडणारी टक्करच लागते असंही नाही, लहान धक्क्यांची बेरीजही होत असावी. पण अशाच खुणा दुसऱ्या कारणांनीही दिसतात, आणि धक्क्यांनी होणारा तो विशिष्ट आजार मेंदूची पेशी न्‌ पेशी तपासूनच नक्की ठरवता येतो.

"मग तपासा की," भाऊजी म्हणाले.

"ते माणूस गेल्यावरच करता येतं."

ताईनंच विचारलं, "म्हणजे मला काय झालंय ते माझ्याशिवाय सगळ्यांना कळणार?"

डॉक्टरांनी टोपण लावलं. "तुम्हाला जे होतंय त्यावर आपण आजपासून काम करू शकतो. झोप, रक्तदाब, चालणं, आठवणीसाठी वह्या. मशीन मात्र बंद. नाव नक्की नसलं तरी काळजी घेता येते."

"आणि तो चेंडू? त्यानंच झालं का?" हे मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हजारो खेळाडू एकत्र पाहिले तर काहीतरी दिसतं. एका माणसाबद्दल मी छातीठोकपणे सांगितलं तर ते खोटं होईल."

घरी येताना मी मनात गुणाकार करत होते. दिवसाला शंभर, आठवड्याचे सहा दिवस, पाच-सहा वर्षं. लाखाच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. त्यातले कितीतरी मी मुद्दाम विसरून जास्तीचे फेकले होते.

कुणालातरी विचारल्याशिवाय मला राहवेना. आमच्या टीममधल्या दोघी या शहरातच आहेत. एक 'खांब', ताईच्या बरोबरीनं बचावात उभी राहणारी, हिनंही आयुष्यभर डोक्यानं चेंडू खाल्ले. ती आता शाळेची व्हॅन चालवते. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती गाडी पुसत होती. एकवीस मुलं, कोण कुठल्या दाराशी चढतं, कुणाला गाडी लागते, कुणाची आई उशिरा येते, सगळं तिला तोंडपाठ. म्हणाली, "मला? मला काय धाड भरलीय! हातोडीला म्हणावं शब्दकोडी सोडव." मी आनंदानं तरंगत तिथून निघाले. म्हणजे चेंडूचं काही नसतं. मग मी दुसरीकडे गेले, 'डावी'कडे. डाव्या कडेनं पळायची, केस विस्कटतील म्हणून चेंडूला कधी डोकं लावलं नाही तिनं. तिनं दार उघडलं, मला मिठी मारली, आत बसवलं, आणि चहा ठेवते म्हणून गेली ती पंधरा मिनिटांनी रिकाम्या हातांनी परत आली. "अगं! कधी आलीस?" म्हणाली. तिच्या सुनेनं माझ्याकडे बघून मान हलवली.

जिनं डोक्यानं खेळ केला ती ठणठणीत, जिनं केस सांभाळले ती अशी, आणि ताई मध्येच कुठेतरी. मला वाटलं होतं चार घरं फिरले की काहीतरी एक हाती लागेल. जे हाती लागलं त्याचं करायचं काय हेच कळेना.

कारखान्यानं ताईला काढलं नाही, हे सांगायला हवं. सुपरवायझरनं तिला गठ्ठे तपासायला बसवलं. कापलेल्या भागांच्या गठ्ठ्यांना मापाची चिठ्ठी बांधलेली असते, लहान, मध्यम, मोठं. गठ्ठा आणि चिठ्ठी जुळते का बघायचं आणि पुढे सरकवायचं. चार महिने ठीक गेले. मग एके दिवशी मला शाळेत फोन आला, मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. भाऊजी कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या टपावर होते, त्यांना फोन लागेना, म्हणून मला.

मी पोचले तेव्हा ताई टेबलाशी उभी होती आणि जमिनीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

"मध्यमवर मोठ्याची चिठ्ठी आहे!" ती ओरडत होती. "माझी बोटं सांगतात मला. कॉलर हातात घेतली की कळतं. कुणीतरी बदलल्यात!"

सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. "चिठ्ठ्या कॉम्प्युटरवरून छापून येतात हो. त्यात कोण काय बदलणार? मास्तरांना चार दिवस घरी न्या. सगळ्यांसमोर असं बरं दिसत नाही, त्यांनाच नंतर वाईट वाटेल."

त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "तुला तरी खरं वाटतं का मी सांगते ते?"

"ताई, घरी जाऊन बोलू."

"म्हणजे नाही." ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. "हे तूच केलंयस माझं. तूच फेकायचीस. मी म्हणायची दुखतंय, आणि तू मुद्दाम आकडा विसरायचीस. मला कळत नव्हतं का?"

पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. मी तिकिटाची घडी घालत बसले, इतकी बारीक घडी केली की पुढे होईना. घरी सोडल्यावर भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मनावर घेऊ नकोस गं. ती नाही बोलली, आजार बोलला." मी हेच वाक्य रोज स्वतःला सांगू लागले. आजार बोलला.

दोन आठवड्यांनी पहारेकऱ्यांचे शर्ट परत आले. कुणाचा गळा आवळत होता, कुणाची कॉलर ढगळ. कार्यालयात छपाईच्या वेळी दोन मापांच्या याद्या वरखाली झाल्या होत्या. ताईची बोटं बरोबर होती. चिठ्ठ्या चुकल्या होत्या.

सुपरवायझर स्वतः घरी आला. फळांची पिशवी ठेवली, खुर्चीच्या कडेवर टेकला. "मास्तर, माफ करा. तुम्ही बरोबर होतात."

"कशाबद्दल रे?" ताईनं विचारलं.

"त्या चिठ्ठ्यांबद्दल."

"कसल्या चिठ्ठ्या?"

तिला आठवत नव्हतं. भांडण नाही, ओरडणं नाही, बसही नाही. तिनं बिचाऱ्याला जेवायला थांबवून घेतलं. तो मान खाली घालून जेवला. मी मात्र त्या दिवशी पार हलून गेले. त्याच रागात, त्याच तासात ती दोन गोष्टी बोलली होती. पहिली आम्ही आजाराच्या नावावर टाकली आणि ती खरी निघाली. मग दुसरीचं काय? आणि तिच्या रागाला आता आम्ही तिचा रागच मानत नव्हतो. वाजवी राग आला तरी भाऊजी गोळ्यांची डबी बघायचे, दिली की नाही दिली. एवढी वर्षं सगळ्यांना पळवणारा तो राग, आता त्याला कुणी भीक घालेना.

मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, बसमधलंही. त्या म्हणाल्या, "आजारी माणूस खरंही बोलतो, खोटंही बोलतो, आपल्यासारखंच. तेव्हा तुमचं वय किती होतं?"

"अकरा. बारा."

"आणि त्यांचं चौदा-पंधरा. तुम्हा दोघींना कुणी काही सांगितलं होतं का?"

"नाही."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. त्यांचं झालं होतं, माझं होत नव्हतं.

शेवटी मी ताईलाच विचारायचं ठरवलं. एका रविवारी सकाळी आम्ही दोघी गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. घड्या मात्र तिच्या अजून पट्टीनं आखल्यासारख्या येतात.

"ताई, मागे बसमध्ये तू मला म्हणालीस, हे सगळं मी केलं. चेंडू फेकून."

"मी म्हणाले?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही."

"म्हणजे नाही असंही म्हणाली नाहीस." ती हसली. पूर्वीसारखं, मोकळं.

मी सांगून टाकलं. "मी मुद्दाम आकडा विसरायची गं. मजा म्हणून."

"ठाऊक होतं."

"मग थांबत का नव्हतीस? डोकं दुखायचं ना तुझं?"

तिनं टॉवेल मांडीवर ठेवला आणि बराच वेळ विचार केला. मला वाटलं, प्रश्नच निसटला असणार. मग म्हणाली, "आवडायचं मला. का आवडायचं ते विचारू नकोस, ते गेलं कुठंतरी. पण आवडायचं एवढं आहे."

मला रडू आलं. तिनं तोच टॉवेल माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "नाक पूस, आणि पुन्हा घडी घाल त्याची."

पण खोटं कशाला सांगू, त्यानंही माझं मन शांत झालं नाही. हवं होतं ते उत्तर मिळालं म्हणून ते ताईचं धरायचं, आणि बसमधलं नको होतं म्हणून ते आजाराचं, असं कसं चालेल? दोन्ही तिच्याच तोंडून आली. दोन्ही वेळा ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. जुन्या खेळाडूंची दरवर्षी तपासणी करतात, आणि ज्यांची तयारी असेल त्यांचा मेंदू मृत्यूनंतर तपासायला घेतात. ताई लगेच हो म्हणाली. फॉर्मवर तिची सही, आणि जवळच्या एका नातेवाइकाची.

भाऊजींनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "उघडून बघायला ती काय लिफ्ट आहे?" म्हणाले, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

ताईनं त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "त्यांचं सोडा. घ्या तुम्ही माझं डोकं. फक्त न्यायची घाई करू नका."

सही मी केली. नात्याच्या रकान्यात 'धाकटी बहीण' लिहिलं. उत्तर हवं म्हणून केली, की उत्तर मिळेल तेव्हा मला जाब विचारायला ताई नसेल म्हणून बिनधास्त केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भाऊजी आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. आता बोलतात. घरातल्या कपाटांवर त्यांनी त्यांच्या मोठ्या अक्षरात पट्ट्या चिकटवल्यात, चमचे, औषधं, चाव्या. ताईच्या वाढदिवसाला एक पट्टी त्यांनी स्वतःच्या शर्टावर लावली होती, 'नवरा'. ताई हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

यंदाच्या तपासणीत पाच शब्दांपैकी तिला दोन आठवले, गेल्या वर्षी तीन आठवले होते. घड्याळ मात्र गेल्या वेळेपेक्षा बरं काढलं. डॉक्टर म्हणाल्या, सावकाश चाललंय. सावकाश म्हणजे कुठे चाललंय, हे मी विचारलं नाही.

ती आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात जाते. भाऊजी सोडतात, मी आणायला जाते. सुपरवायझरनं आता नियम केलाय की ताईनं नाही म्हटलेला गठ्ठा पुन्हा उघडायचा, मग चिठ्ठीवर काहीही छापलेलं असो. बऱ्याचदा काही निघत नाही. कधी निघतंही. परवा मी गेले तर ती एका निळ्या गठ्ठ्यावर हात ठेवून हटून बसली होती. "एकोणसाठ आहेत," म्हणत होती. त्यानं दोनदा मोजले होते, दोन्ही वेळा साठ भरले होते.

"मास्तर, साठ आहेत हो."

"एकोणसाठ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? त्यानं सुस्कारा सोडला, बाही वर सारली आणि पुन्हा पहिल्या तुकड्यापासून मोजायला लागला. ताई हात धुऊन आली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल, बस चुकेल."